शेवया दिसतात त्या ड्रोनला

लॉस एंजेलिसमध्ये 105 आणि 110 हे महामार्ग जिथे भेटतात, त्या पाचमजली इंटरचेंजचा आकाशातून काढलेला फोटो अधूनमधून मोबाइलवर येऊन आदळतोच. खाली ठरलेली ओळ: 'इंजिनिअरनं शेवया बघून आराखडा काढला. आत शिरलात की बाहेर पडणं मुश्कील.' हसून सोडून द्यावं, तर चांगली शिकलीसवरलेली माणसं विचारतात, 'सरळ एक पूल टाकला असता तर नसतं का चाललं?'

नसतं चाललं. दोन रस्ते छेदतात तिथे चार बाजूंनी गाड्या येतात आणि प्रत्येकीला सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जायचं असतं. झाल्या बारा वाटा. साध्या चौकात या वाटा 32 ठिकाणी फुटतात, मिळतात किंवा एकमेकींना कापतात. त्यांतली 16 ठिकाणं आडवं कापण्याची, म्हणजे जिवावर बेतणारी. हा हिशेब अमेरिकेच्या फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशनचा आहे. विश्वास नसेल तर कागदावर रेघा मारून मोजा. एक पूल टाकला की सरळ जाणारे सुटतात, वळणारे तिथेच अडकतात. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळे डावं वळण अवघड, आपल्याकडे उजवं. अशी चार अवघड वळणं एकतर क्लोव्हरलीफसारखी, म्हणजे चार पाकळ्यांच्या आकारात, गोल फिरवायची, नाहीतर वेगळ्या उंचीवरून न्यायची. गोल फिरवली, तर एका वळशातून रस्त्यावर येणारी गाडी आणि पुढच्या वळशात शिरणारी गाडी त्याच आखूड तुकड्यात लेन बदलतात. वाहतूक तुरळक असेल तोवर ठीक, वाढली की सगळं तिथेच तुंबतं. म्हणूनच 1953 मध्ये याच शहरात चारमजली इंटरचेंज पूर्ण सुरू झाला: दोन मजले सरळ जाणाऱ्यांचे, दोन डाव्या वळणांचे.

105-110वरची जादा गुंतागुंत तर निम्मी कोर्टातून आली आहे. 105साठी घरं जाणार म्हणून रहिवाशांनी 1972 मध्ये खटला भरला. 1979 मध्ये न्यायाधीश हॅरी प्रेगर्सन यांच्यासमोर तडजोड झाली, तिच्यात कारपूल लेन आणि सार्वजनिक वाहतुकीला जागा देणं बंधनकारक झालं. म्हणून कारपूलवाल्यांचे वेगळे रॅम्प, मधून मेट्रो, आणि इंटरचेंजच्या पोटातच स्टेशन. 1993 मध्ये खुल्या झालेल्या या इंटरचेंजला नावही प्रेगर्सन यांचंच आहे.

आता ते 'बाहेर पडणं मुश्कील'. अहो, चालकाला ड्रोनचा फोटो दिसतच नाही! 110वरून उत्तरेकडे निघालेल्याला एवढंच ठरवायचं असतं: सरळ, 105 पूर्व, की 105 पश्चिम? तेही आयत्या वेळी नव्हे. तिकडच्या नियमपुस्तकानुसार मोठ्या इंटरचेंजआधी एक मैलावर आणि अर्ध्या मैलावर फलक हवेत, जागा असेल तर दोन मैलांवरही. फाटा चुकलाच, तर पुढच्या एक्झिटला उतरून परत यायचं. फाट्याच्या तोंडाशी थांबून रिव्हर्स घेणाऱ्यानं आराखड्याला नावं ठेवू नयेत. पुण्यात 2023 मध्ये चांदणी चौकातले नवे रॅम्प सुरू झाले तेव्हा जी ओरड झाली, तिचा रोखही बराचसा फलकांवर होता.

बाकीचे गैरसमज किरकोळ. 'स्पीड' चित्रपटातल्या बसनं इथल्याच पुलाचं भगदाड ओलांडलं म्हणतात. पूल अखंड होता, भगदाड कॉम्प्युटरवर पाडलं. 'खांब वाट्टेल तिथे उभे करतात' म्हणणाऱ्यांनी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा 1972चा ग्रॅव्हली हिल इंटरचेंज बघावा: खालच्या कालव्यांतून घोड्यानं ओढायच्या होड्यांचा दोर अडकू नये, अशा बेतानं खांब रोवलेत.

आणि 'मजले चढवले की कोंडी संपते'? इंटरचेंज गाड्यांना एकमेकींच्या आडवं येऊ देत नाही, एवढंच. पुढचा रस्ता होता तेवढाच रुंद राहतो. 'ला ला लँड' चित्रपटाच्या सुरुवातीचं ट्रॅफिक जॅममधलं गाणं याच इंटरचेंजच्या रॅम्पवर चित्रित झालं. त्या जॅमसाठी मात्र रॅम्प बंद करून गाड्या मुद्दाम आणून लावाव्या लागल्या.