कलेचा तास आणि अक्षराचा प्रवेश

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे प्रतिमालक्षण जाणून घेण्याची इच्छा व्यक्त करतो. ऋषी त्याला थेट उत्तर देत नाहीत. प्रतिमेसाठी आधी चित्र जाणावे लागते, चित्रासाठी नृत्त, नृत्तासाठी आतोद्य आणि आतोद्यासाठी गीत, अशी मालिका ते उभी करतात. आणि गीतापाशी आल्यावर विवेचन संस्कृत, प्राकृत, अपभ्रष्ट या भाषाभेदांकडे व गद्यपद्याकडे वळते. मूर्तिकाराच्या शिक्षणाची वाट अशा रीतीने वाणीपर्यंत पोहोचते. आधुनिक शालेय वेळापत्रकाने या मालिकेतील कड्या सुट्या केल्या. भाषेचा तास निराळा, चित्रकलेचा निराळा, गायनाचा निराळा.

या कड्या पुन्हा जोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमच्या विचारात हस्तोद्योगाशी इतर ज्ञानाचा समवाय साधण्याची कल्पना होती; शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत सेवाग्रामात कलाशिक्षणाचे कार्य करीत होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला-समेकित अध्ययनाचा पुरस्कार केला आहे. परंतु तेथे कला ही मुख्यतः गणित, इतिहास, भाषा यांच्या साहाय्यास जाते. उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे कलेच्याच तासात वाचन-लेखनाचे स्थान कोणते, हा त्यामुळे मागे पडतो.

वस्तुतः अक्षर कलेच्या तासात पूर्वीपासूनच आहे. केवळ ते अक्षर म्हणून ओळखले जात नाही. महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत अक्षरलेखनाचा समावेश भूमितीच्या जोडीला झाला. तेथे विद्यार्थी अक्षर लिहीत नाही, आखतो. शिरोरेषा, दंड, वळण यांचे प्रमाण साधले की काम संपते. लिहिलेला शब्द कोणता, याला महत्त्व उरत नाही. याउलट स्मरणचित्राच्या प्रश्नात खरे वाचन दडलेले आहे. विषय थोडक्या शब्दांत दिलेला असतो, आणि त्या शब्दांतून स्थळ, वेळ, माणसे व त्यांचे परस्परसंबंध उभे करावयाचे असतात. ‘बाजार’ एवढे वाचून ठरावीक बाजार काढणारा विद्यार्थी आणि ‘पावसात उठणारा बाजार’ यातील ‘उठणारा’ या शब्दापाशी थबकणारा विद्यार्थी यांच्या चित्रांत पडणारा फरक हा रेखाटनाच्या हातोटीचा नसतो. तो वाचनाचा असतो. चित्रकलेच्या शिक्षकाने या एका शब्दावर पाच मिनिटे खर्च केली, तर ती भाषेच्या शिक्षकाला दिलेली उसनवारी ठरत नाही.

गायनाच्या तासातील स्थिती याहून विचित्र आहे. पं. भातखंडे यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत लिहिली आणि स्वरलिपीमुळे बंदिशी कागदावरून वाचता येऊ लागल्या. तथापि ब्रजभाषेतील त्या बंदिशींचे शब्द मराठी मुलांच्या तोंडी बहुधा अर्थाविना बसतात. स्वर वाचले जातात, शब्द वाचले जात नाहीत. अशा दोन ओळींचा अन्वय लावून त्यांचा आशय स्वतःच्या भाषेत लिहावयास सांगणे, हे शब्द कोठे तोडावा व श्वास कोठे घ्यावा हे कळण्यासाठीही उपयुक्त आहे. वाराणसीचा किंवा मथुरेचा विद्यार्थी या बाबतीत अधिक सुदैवी असेल असे वाटते. पण परिचित भाषेचा शब्दही न वाचता गाता येतोच.

चित्राविषयी लेखन करवून घेताना मात्र एक धोका संभवतो. ‘चित्र फार सुंदर आहे’ या छापाचा निबंध मुलाच्या डोळ्याला काहीच शिकवीत नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील विश्वंतर जातकाचे चित्र या दृष्टीने उत्तम पाठ ठरते. त्यात एकच राजपुत्र एकाच भिंतीवर अनेक वेळा येतो. चित्रातील प्रसंगांचा क्रम लिहून काढण्यास बसलेल्या विद्यार्थ्याला प्रथम प्रश्न पडतो तो हा, की नजर कोठून कोठे न्यावयाची. लेखन येथे पाहण्याची गती मंद करते. तेच त्याचे प्रयोजन. दुसऱ्या लेण्यात तर क्षांतिवादी जातकाच्या चित्रासोबत आर्यशूराच्या ‘जातकमाले’तील श्लोक रंगवून लिहिलेले आढळले आहेत. चित्रकाराला, अथवा त्याच्या आश्रयदात्याला, शब्दाची सोबत परकी वाटली नव्हती.

शब्दांनी चित्र झाकून टाकावे असा याचा अर्थ नव्हे. तासाचा निम्मा वेळ वहीत जाऊ लागला की कुंचला सुकतो, आणि जी मुले भाषेत मागे असतात त्यांचे एकमेव सुखाचे ठिकाणही हिरावले जाते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याला चित्रकथी परंपरेत एक उत्तर सापडते. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांच्या सुट्या पानांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात, मात्र या पोथीत कथेची संहिता नसते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असल्याने शब्दाला मागची बाजूही मोकळी राहत नाही. कथा निवेदकाच्या मुखातून येते. अशी पोथी वर्गात करावयास घेतली, तर कथा आधी सर्वांनी वाचावी लागते, तिचे प्रसंग पाडावे लागतात, आणि त्यानंतर प्रत्येक मुलाला आपल्या वाट्याच्या पानापुरते ठरवावे लागते की कथेतील काय रंगवावयाचे आणि काय सांगण्यासाठी राखून ठेवावयाचे.