इलेक्ट्रॉनांचा ठेका आणि टेराहर्ट्‌झ लहरी

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. कोरड्या सुती कापडाआड ठेवलेली वस्तू डोळ्यांना दिसत नाही. टेराहर्ट्‌झ लहरी मात्र त्या कापडातून सहज पलीकडे जातात. पाणी भेटले की त्या शोषल्या जातात. म्हणूनच झाडाच्या पानात ओल किती उरली, हे पान न तोडता या लहरींनी मोजता येते. कोरडवाहू शेतीच्या मुलखाला हा विषय परका वाटू नये.

रेडिओलहरी आणि अवरक्त किरण यांच्यामधला हा प्रांत. एक टेराहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी कंपने. लहरीची लांबी ०.३ मिलिमीटर. रेडिओची साधने इतक्या जलद कंपनांना पुरी पडत नाहीत, आणि नेहमीचे लेसर इतक्या संथ कंपनांपर्यंत उतरत नाहीत. त्यामुळे या लहरी दीर्घकाळ दुबळ्याच मिळत. प्रखर लहरी हव्या असतील, तर वेगवान इलेक्ट्रॉनांकडे वळावे लागते.

इलेक्ट्रॉनाची वाट वाकवली की तो लहरी फेकतो. १ कोटी व्होल्टांचा धक्का मिळालेला इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे ९९.९ टक्के वेगाने धावतो. उत्तर-दक्षिण ध्रुव आळीपाळीने मांडलेल्या चुंबकांच्या रांगेतून तो नागमोडी जातो. वळणाची लांबी ५ सेंटिमीटर असली, तरी सापेक्षतेच्या नियमाने पुढे मिळणारी लहर मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी आखूड होते.

आता प्रखरतेचे मर्म पाहू. १०० इलेक्ट्रॉन बेताल चालले, तर तेज एकाच्या १०० पट. पण ते सारे लहरीच्या लांबीहून लहान झुपक्यात बसले, तर लेझमीच्या ताफ्याप्रमाणे एका ठेक्यावर येतात आणि तेज १०,००० पट होते. प्रत्यक्ष झुपक्यात तर कोट्यवधी इलेक्ट्रॉन असतात!

होळकरांच्या इंदुरास, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, चुंबकांच्या अशाच रांगेचा मुक्त इलेक्ट्रॉन लेसर उभारला आहे. दोन आरशांमध्ये खेळवलेली लहरच तेथे इलेक्ट्रॉनांना ठेक्यावर आणते. २०१६ साली त्यातून अवरक्त लेसरकिरण निघाले. त्यांचा पट्टा टेराहर्ट्‌झ प्रांताला भिडलेला आहे.

पानातील ओल मोजायला दुबळी लहरही पुरते. मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. दुबळी लहर पदार्थाची केवळ चौकशी करते. प्रखर लहर त्याच्या अणूंना हलवून ते कसे वागतात हे दाखवते. यातून उद्या कपाशीचा भाव चढेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या यंत्रात काय चालते, हे समजून घेण्याचा हक्क जसा इंदूरकरांचा, तसाच यवतमाळकरांचाही आहे.