गोलरक्षकाची बॅग : बिघडण्याआधी पाहणं

मागच्या व्याख्यानात आपण हायडेगर यांचं हातोड्याचं उदाहरण पाहिलं. हातोडा नीट चालतो तोवर सुताराचं लक्ष खिळ्याकडे असतं. दांडा निसटला, की मग हातोडा ‘दिसतो’. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘वस्तू बिघडेपर्यंत थांबणं परवडणारच नसेल तर काय करायचं?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्हाला पुस्तकात नाही, एका गॅरेजमध्ये मिळालं.

आमची लेक कॅनडात, टोरांटोजवळ राहते. नातू आईस हॉकीत गोलरक्षक आहे. या खेळात चेंडू नसतो. कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन साधारण १७० ग्रॅम. मोठ्यांच्या व्यावसायिक सामन्यांत ती ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगानं येऊ शकते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि त्याच्यासमोर एकटा माणूस.

तरीही १९५९ पर्यंत तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये गोलरक्षक सहसा उघड्या चेहऱ्यानंच खेळत. त्या वर्षी १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये माँट्रियल संघाच्या झाक प्लांट यांच्या तोंडावर पक बसला. टाके घालून घेतल्यावर ते मास्क लावूनच मैदानात परतले, आणि हळूहळू मास्कची रीत पडली. म्हणजे मास्कचं महत्त्वसुद्धा जखम झाल्यावरच ‘दिसलं’!

आता आमची चूक सांगतो. जानेवारीतली रात्र होती. सामना संपवून पोरगा दमून आला होता. आम्ही म्हटलं, ‘तू झोप, तुझी बॅग आम्ही बघतो.’ आणि प्रेमानं काय केलं? सगळं ओलं सामान कोंबून चेन लावली आणि बॅग गॅरेजमध्ये ठेवली. गॅरेजला हीटिंग नव्हतं. सकाळी पट्टे लाकडासारखे कडक, हातमोजे गोठलेले, स्केटच्या पात्यांवर गंजाचे ठिपके. नातू रागावला नाही. एवढंच म्हणाला, ‘आजोबा, बॅग भरायची नसते, आधी रिकामी करायची असते.’

आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, पण इतकं नेमकं वाक्य आम्हाला सुचलं नव्हतं.

मग त्यानं आम्हाला क्रम शिकवला. घरी आल्याबरोबर सगळं बाहेर काढायचं. पायांचे मोठे पॅड उभे ठेवायचे, छातीचं कवच उघडून टांगायचं, मास्कमधला घाम पुसायचा. पंखा चालेल; हीटरसमोर ठेवायचं नाही. जास्त उष्णतेनं आतला फोम आणि गोंद खराब होतो, चामडं कडक होऊन तडकतं. आतले कपडे दर वेळी धुवायचे. ओल राहिली की जीवाणू वाढतात. वास तर येतोच, शिवाय खरचटलेल्या कातडीला संसर्ग होऊ शकतो.

स्केटची पाती फडक्यानं कोरडी करायची. चालताना लावतो ती प्लॅस्टिकची टोपणं रात्रभर ठेवायची नाहीत, कारण त्यांत पाणी साचतं. ठेवताना कापडी आवरण घालायचं. पक झेलायच्या मोठ्या हातमोज्याच्या खोबणीत एक चेंडू ठेवून तो बांधायचा, म्हणजे आकार टिकतो.

दुसऱ्या दिवशी भरताना जड सामान खाली, पाती झाकलेली, मास्क त्याच्या मऊ पिशवीत वेगळा. मास्कवर काहीही ठेवायचं नाही. आणि प्रत्येक वस्तू हातात आली की तिच्याकडे बघायचं. जाळीचे स्क्रू हलतात का? कवचाला चीर आहे का? पट्टा विरलाय का, बक्कल ढिलं झालंय का? बॅगेत एक स्क्रू ड्रायव्हर आणि जादा पट्टे असतातच. मास्कला चीर दिसली तर डागडुजी नाही, तो बदलायचा.

एकदा आमच्यादेखत त्याला जाळीचा एक स्क्रू निम्मा बाहेर आलेला सापडला. त्यानं तो पिळून घट्ट केला आणि पुढची वस्तू उचलली. काही घडलं नाही, म्हणून ती गोष्ट कुणी सांगणारही नाही. पण तो स्क्रू सामन्यात निघाला असता तर?

तर श्रोत्यांच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं : हातोडा मोडला तर खिळा राहतो, मास्क मोडला तर डोळा जातो. ज्या वस्तू आपल्याला सांभाळतात, त्यांना मोडण्याआधीच ‘दिसण्याची’ संधी द्यावी लागते. रोज रिकामं करणं, पुसणं, वाळवणं ही ती संधी. आपण तिला निगा म्हणतो. आणि ती दुसऱ्याच्या वतीनं प्रेमानं उरकता येत नाही, हे आम्ही सत्तरीनंतर शिकलो.

आज इथेच थांबू. घरी गेल्यावर आपल्या स्कूटरच्या हेल्मेटचा पट्टा एकदा ओढून बघा.