एक थाऊ ढिला

लेथवर धातू कातणाऱ्या टर्नरच्या हातच्या कामावर त्याचं नाव कुठेच नसतं. बुश, म्हणजे शाफ्ट जिच्यात फिरतो ती धातूची नळी, हाउसिंगमध्ये बसतो, वर झाकण लागतं आणि पुन्हा तो दिसतो तो झिजल्यावरच. आमच्या अण्णांची उभी हयात अंधेरीत असले नग काढण्यात गेली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक नग कसा होतो, तेच आधी सांगायला हवं.

पण त्याच्याही आधी थोडं जागेविषयी. १९६२ मध्ये औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली, १९७३ मध्ये मरोळला सीप्झ हे निर्यातक्षेत्र आलं. चकाला, मरोळ, साकीनाका या पट्ट्यातल्या गाळ्यांमध्ये कोकणातून, घाटावरून आलेले टर्नर-फिटर रुजले. अण्णा संगमेश्वर तालुक्यातले, आयटीआय झालेले. त्यांचा लेथ हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा.

आई गुंदवलीच्या चाळीत ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनचा बुश झिजला आणि मशीन खडखडायला लागलं. बाजारातला नवा बुश चालेना, कारण आतला शाफ्टही झिजला होता. अण्णांनी शाफ्ट फडक्यात गुंडाळून गाळ्यावर नेला आणि मालकाला विचारून पाळी सुटल्यावर लेथ लावला. मी सोबत होतो.

आधी शाफ्ट तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोजला. मग गनमेटलचा तुकडा चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरला. टूल ग्राइंडरवर नव्याने घासलं, कारण पोलादासाठी टूलला वरून जो उतार देतात तो गनमेटलला चालत नाही. टूल धातूत घुसतं आणि नग वाया जातो. फेसिंग झालं, ड्रिल गेलं, मग बोरिंग. गनमेटलची लांब वेटोळी निघत नाहीत, बारीक पिवळी कणी उडते आणि ती मनगटावर चटका देते. अण्णांचं लक्ष आवाजाकडे. आवाज बदलला की हात थांबायचा.

बाहेरचा व्यास आणि आतलं भोक त्यांनी एकाच धरणीत काढलं. तुकडा चकातून सोडून पुन्हा धरला की दोन्हींचा मध्य सरकतो. बुश दाबून बसवला की भोक किंचित आवळतं, त्याची जागाही आधीच ठेवली. शाफ्टला फिरायला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ढिला हवा. त्याहून घट्ट असेल तर मशीन जड चालेल. सैल असेल तर पुन्हा खडखड, आणि पायाने मशीन ओढणारी बाई दमेल. हे शेवटचं अण्णांनी मला सांगितलं तेव्हा ते बोअर मोजत होते, मान वर न करता. माझ्या मते त्यांचं कामावरचं आणि घरावरचं प्रेम एकच होतं: आपल्या हातची कसर दुसऱ्याच्या अंगावर जाऊ द्यायची नाही.

घरी ते फारसं बोलत नसत. ओव्हरटाइमचे पैसे वेगळ्या पाकिटात येत, ते ताईच्या नर्सिंगच्या फीसाठी. बिडाचं काम असेल त्या दिवशी काळी भुकटी हाताच्या रेघांत भरलेली असायची. भुसा आणि साबण लावून हात घासल्याशिवाय ते धाकटीला उचलत नसत. बोटात रुतलेला कीस आई दिव्याखाली सुईने काढायची. आमच्या भोवऱ्यांना आर त्यांनी स्वतः टर्न करून दिली होती. चाळीतली पोरं ते भोवरे मागायला यायची.

नव्या पोराला ते आधी टूल घासायला लावत, मग मोजायला, आणि मगच चक फिरवायला. बाह्या कोपराच्या वर, हातमोजे नाहीत, बोटात अंगठी नाही. चकची चावी चकात ठेवून कुणी हात सोडला, तर एरवी शांत असलेले अण्णा ओरडत. चावी तशीच राहून मशीन सुरू झालं तर ती सुटून छातीवर येते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी कुणाचंही बोट गेलं नाही, याचा त्यांना बोनसपेक्षा जास्त अभिमान होता, आणि तो मला अगदी रास्त वाटतो.

गाळ्यांची भाडी वाढली तशी कामं वसई, भिवंडीकडे सरकली. अण्णांचा एक चेला आता वसईला आहे. त्याच्याकडे सीएनसी मशीन आहे, एका मापाचे पाचशे नग ते बिनबोभाट काढतं. पण जुना लेथ त्याने मोडीत घातलेला नाही. कुणी झिजलेला शाफ्ट घेऊन येतं, त्याला एकच बुश हवा असतो. असा नग तो अजून हातानेच काढतो, आधी शाफ्ट तीन ठिकाणी मोजून.