तांब्याचा ठोकळा आणि केसाएवढी हवा

उन्हाळ्यात आपल्या मादन हिप्परग्याच्या भागात पारा चाळीस अंशांपलीकडे गेला, की माणूस कडुलिंबाच्या सावलीस जाऊन बसतो. संगणकास ती सोय नाही. सारी आकडेमोड करणारा त्याचा प्रोसेसर आगपेटीएवढाही मोठा नसतो. परंतु जोमाने काम करू लागला म्हणजे तो सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. जुन्या पिवळ्या प्रकाशाच्या १०० वॅटच्या दिव्यास लागून ज्याचे बोट एकदा पोळले आहे, त्यास याहून अधिक सांगावयास नको. ही उष्णता वेळीच वाहून गेली नाही, तर शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर प्रथम आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही, तर संगणक आपोआप बंद पडतो.

सामान्यतः पंखा हे काम करतो. परंतु बहुतेक ट्रॅक्टरांच्या इंजिनांभोवती जसे पाणी फिरते व रेडिएटरमध्ये येऊन निवते, तशी व्यवस्था संगणकासही करता येते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली सुरू झालेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक अशाच रीतीने द्रवाने थंड ठेवला जातो. घरगुती रचनेत प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात आणि लहानशा पंपाने त्यातून पाणी खेळवितात. मिनिटास एक लिटर पाणी वाहिले, तर १०० वॅट उष्णता घेऊनही ते जेमतेम दीड अंशाने तापते. तेव्हा पाणी कमी पडेल ही भीती नको. खरी अडचण पाण्यापाशी नसून तांबे आणि प्रोसेसर जेथे एकमेकांस टेकतात, तेथे आहे.

थोडा हिशेब करून पाहू. प्रोसेसरचे झाकण ३ सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद धरा. १०० वॅट उष्णता एक सेंटिमीटर जाड तांब्यातून पार जाताना दोन बाजूंच्या तापमानात तीन अंशांहूनही कमी फरक पडतो. आता त्याच जागी सर्वत्र ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, हवा अडकली आहे असे समजा. फरक निघतो दोनशे अंशांहून अधिक! म्हणून ठोकळ्याचा तळ सपाट हवा.

सपाट आणि चकचकीत या गोष्टी एक नव्हेत. मठारलेला हंडा चिंचेने घासला म्हणजे लखलखतो, पण त्यावरचे ठोके जात नाहीत. तळ घासण्यासाठी जाड काचेचा तुकडा टेबलावर ठेवावा व त्यावर वॉटर पेपर पाण्याने भिजवून पसरावा. तळावर शाईच्या पेनाने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात आणि ठोकळा कागदावर फिरवावा. जेथे शाई उरली, तेथे खळगा आहे. बिदरचे कारागीरही ओतीव भांडे कानशीने व पॉलिश कागदाने गुळगुळीत करतात, मग नक्षी नीट दिसावी म्हणून मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात. आपली शाई त्याच जातीची युक्ती होय. ४०० नंबरच्या कागदाने सारी शाई एकसारखी जाऊ लागली, की ६०० व ८०० नंबरचे कागद घ्यावेत. त्यापुढची चकाकी केवळ हौसेची.

माझा पहिला ठोकळा येथेच बिघडला. घाईने पुढेमागे घासताना हात डुलत होता; कडा झिजल्या व मध्यभाग फुगीर राहिला. आरशासारखा तळ पाहून मी खूष झालो, आणि काही मिनिटांतच संगणक बंद पडला. पुढे ठोकळा तळाशी धरून, हलक्या दाबाने, दर काही फेऱ्यांनंतर पाव वळसा देत घासला, तेव्हा कोठे तो साधला.

इतके करूनही सूक्ष्म ओरखडे उरतातच. त्यांतील हवा हुसकावण्यासाठी थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मध्यभागी ठेवावा. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा असे नव्हे. ती हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी असली, तरी तांब्यापुढे फारच उणी. नंतर चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू थोडेथोडे आवळावेत. एकच कोपरा आधी घट्ट केला, तर ठोकळा तिरका बसतो.

बोअरच्या पाण्याचे क्षार आत साचतात, म्हणून बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणीच वापरावे. ठोकळा तांब्याचा असता रेडिएटर अॅल्युमिनियमचा घेऊ नये. एकाच पाण्यात हे दोन धातू जोडले गेले, की अॅल्युमिनियम झिजू लागते.

हे सारे संगणकाबाहेर जुळवून, सांध्यांखाली वर्तमानपत्र अंथरून, पंप एक दिवस व एक रात्र चालू ठेवावा. कागदावर पाण्याचा एकही डाग नसेल, तरच ठोकळा प्रोसेसरवर चढवावा. माझ्या कागदावर पहिल्या रात्री रुपयाएवढा डाग पडला होता.