वायफायचा डोंगल लिनक्स ओळखत नाही? आधी धागा तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज-११ ला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा येथील दुकानांत असलेली आठ-दहा वर्षांपूर्वीची चांगली चालती कॉम्प्युटरे एकाएकी 'जुनी' ठरली. नवे घ्यायचे तर हजारोंचा खर्च. म्हणून काही व्यापारी व कारागीर बंधू मिंट किंवा उबुंटू अशी फुकटची लिनक्स टाकून घेतात. विचार योग्य आहे. (टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे.)

पहिली अडचण येते ती वायफायच्या डोंगलची. डोंगल लावला, दिवाही लागला, पण नेटचे नाव दिसत नाही. नेट नाही म्हणजे जीएसटीचे विवरण नाही, ई-वे बिल नाही. मग मेकॅनिक म्हणतो, "डोंगल खराब आहे, दुसरा घ्या." दुसराही तसाच निघतो आणि पैसे दोनदा जातात.

खोक्यावरचे नाव आणि आतला माल

थानावर कॉटनची चिठ्ठी असली तरी जाणता व्यापारी दोन धागे काढून जाळून पाहतो. सूत असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर असेल तर वितळून गोळी होते. डोंगलचेही तसेच आहे. लिनक्सला कंपनीशी देणेघेणे नाही, ती आतली चिप पाहते. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा डोंगल घ्या. पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कित्येक वर्षांपासून आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची चिप आली. नाव तेच, माल वेगळा. म्हणून एकाचा डोंगल लगेच चालतो, दुसऱ्याचा अडतो.

तपासणीचा क्रम

एक. एक्स्टेन्शन वायर व हब काढून डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला थेट लावावा. टर्मिनल उघडून इंग्रजी लहान अक्षरांत एल-एस-यू-एस-बी ही अक्षरे सलग टाइप करावीत. डोंगल काढून एकदा व लावून एकदा, असे दोनदा करावे. दुसऱ्या वेळी जी ओळ वाढली तो आपला डोंगल. ओळच वाढली नाही तर दोष पोर्टचा किंवा डोंगलचा. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहावा.

दोन. त्या ओळीत दोन भागांचा ओळख-क्रमांक असतो, तो लिहून घ्यावा. क्रमांक ०बीडीए:१ए२बी असेल तर डोंगल खराब नाही. विंडोजचा ड्रायव्हर सोबत देता यावा म्हणून तो स्वतःला सीडी म्हणून दाखवतो. फाइलच्या खिडकीत ती सीडी दिसते. तिच्यावर 'इजेक्ट' दाबले की बऱ्याच वेळा डोंगल खऱ्या रूपात येतो. नाही आला तर यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम तेच काम करतो.

तीन. ओळख बरोबर असूनही वायफाय दिसत नसेल तर ड्रायव्हर कमी आहे. येथे लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, आवृत्ती पाहावी. रिअलटेकच्या ८८२१सीयू व ८८२२बीयू या चिपांचा यूएसबी ड्रायव्हर ६.२ मध्ये (२०२३) आला, ८८१२एयू व ८८२१एयू यांचा ६.१४ मध्ये (२०२५). म्हणजे काही वेळा कर्नल नवे करण्यानेच काम होते.

नेटच नाही तर नवे करायचे कसे? आपला अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरीने जोडावा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. लिनक्स मोबाइलला वायरचे नेट समजते. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. ई-वे बिलाची घाई असेल तर तेही याच मार्गाने काढता येते.

चार. ड्रायव्हर बाहेरून टाकला आणि तरीही चालत नसेल तर 'सिक्युअर बूट' पाहावे. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लिनक्स आत घेत नाही. टाकताना पासवर्ड मागितला असेल तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर तोच देऊन मंजुरी द्यावी. कुणीही पेनड्राइव्हवर आणून दिलेला ड्रायव्हर मात्र टाकू नये. त्याच कॉम्प्युटरवर आपले बँकेचे व्यवहार असतात.

विकत घेताना

दुकानदाराला "लिनक्सवर चालतो का?" एवढेच विचारून भागत नाही. चिप कोणती आणि आवृत्ती कोणती, हे विचारावे आणि बिलावर लिहून घ्यावे. मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे. एमटी७९२१एयू साठी कर्नल ५.१८ किंवा त्यापुढचे हवे. दुकानदाराला चिप सांगता येत नसेल तर न चालल्यास परत घेण्याची बोली आधीच करावी.

मेकॅनिककडे जाताना डोंगलचा ओळख-क्रमांक व कर्नलची आवृत्ती कागदावर लिहून न्यावी. जाणकाराला दोष कुठे आहे हे त्यावरून लवकर कळते आणि नांदेड-परभणीचा एक हेलपाटा वाचतो.