विहिरीचे जड पाणी व मृदुकरण यंत्राची निगा

ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणास फेस येत नाही व भांड्यांवर पांढरा थर चढतो, ते पाणी जड समजावे. ही जडता मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येते. वॉटर सॉफ्टनर या यंत्रातील राळेचे मणी हे घटक धरून ठेवतात व त्यांच्या बदली पाण्यात सोडियम सोडतात. मण्यांची शक्ती संपली म्हणजे मिठाच्या पाण्याने धुऊन ती परत आणावी लागते.

धुण्याची वेळ अंदाजाने ठरवू नये. प्रथम पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. समजा, जडता दर लिटरास ५०० मिलिग्रॅम व यंत्राची क्षमता १,२५० ग्रॅम आहे. तर २,५०० लिटर पाणी मृदू होईल. रोजचा वापर ५०० लिटर असल्यास पाच दिवस पुरे होण्यापूर्वी मणी धुवावेत. विहिरीची जडता ऋतुमानाप्रमाणे बदलू शकते. म्हणून उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर पुन्हा तपासणी करून यंत्राची मांडणी बदलावी. मीठ स्वच्छ असावे व टाकीत त्याचा कडक थर जमल्यास तो लाकडी काठीने फोडावा.

धुण्याचे खारे पाणी शेतात, परसबागेत किंवा विहिरीजवळ कदापि सोडू नये. सोडियममुळे काळ्या जमिनीची घडण मोडते, निचरा खुंटतो व जमीन चोपण होते. ते पक्क्या गटारातून दूर न्यावे. मृदू केलेले पाणीही पिकांस देऊ नये. त्यांस विहिरीचे मूळ पाणीच द्यावे. ज्यांस मीठ वर्ज्य आहे, त्यांच्या पिण्यासाठी यंत्राच्या अलीकडे वेगळा नळ ठेवावा. हे यंत्र रोगजंतू मारीत नाही, हेही ग्रामसेवकांनी घरोघर समजावून सांगावे.